चाकावरचे गुरुजी

गुरुजी कुणाच्याही घरी गेले की आधी माठाकडे जायचे. माणसांची विचारपूस मागाहून. माठापाशी उकिडवे बसायचे, मधल्या बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी टकटक करायचे, कान लावायचे आणि घरातल्या बाईकडे वळून म्हणायचे, "डाव्या अंगाला जाड आहे. पण आवाज खणखणीत! पाणी गार राहतं ना?" ती बिचारी "राहतं" म्हणायची. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि म्हणायचे, "राहणारच!" जणू काही तो माठ यांनीच घडवला होता. एका लग्नात तर मुहूर्ताला दहा मिनिटं उरली असताना ते मांडवात मांडलेली उतरंड वाजवत बसले होते. मुलीचा मामा "अहो गुरुजी, पूजेची आहे ती" म्हणाला, तर त्यालाच म्हणाले, "तेच सांगतोय. खालून दुसरं कच्चं आहे. नवरानवरीचा धक्का लागू देऊ नका."

हे वेड त्यांना साठाव्या वर्षी लागलं. लागलं तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या चाकावर बसत होते.

तेव्हा आमचा वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. मी वीस वर्षांची, तळेगावच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका. शाळेत मुलांना एक तरी हातउद्योग शिकवायचा अशी तेव्हा पद्धत होती आणि त्यासाठी आधी बाईंना तो यायला हवा. मी विणकाम मागितलं होतं. विणकामाची यादी भरली, म्हणून माझ्या वाट्याला कुंभारकाम आलं. सहा महिने वर्ध्याला मामाकडे राहायचं, सकाळी एका शाळेत पाठ घ्यायचे आणि दुपारी चार ते सहा चाक शिकायचं. मामी म्हणाली, "एवढं शिकूनसवरून शेवटी चिखलातच हात का गं?" मलाही आतून तसंच वाटत होतं.

वर्ग सावंगीच्या वाटेवर, वस्ती संपते तिथं. ग्रामोद्योगाचं एक छोटं केंद्र होतं. टिनाची एक लांब पडवी, शेणानं सारवलेली जमीन, जमिनीत बसवलेली पाच चाकं. शिकणारेही आम्ही पाच. कारंजा घाडग्याहून आलेले दोन मास्तर, भाजीचा मळा असलेला एक शेतकरी, त्याला कुंड्या करायला शिकायचं होतं, मी आणि गुरुजी.

गुरुजी चौथीला गणित शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, धोतरावर बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशात एक तांबडी आणि एक निळी पेन्सिल. त्यांना कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नव्हती. ते का आले ते काकूंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, मला पुढं सांगितलं. "अगं, निवृत्त झाले आणि घरात बसले. पोळी गोल नाही, रांगोळीचे ठिपके चुकले, वरणाला फोडणी दिली ती चार सेकंद उशिरा. मी म्हटलं, हात जोडते, दिवसातून दोन तास कुठं तरी जा. जिथं तुम्हाला काही येत नाही अशा जागी जा."

ते अगदी तशाच जागी आले.

शिकवणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणायचे. तिशीतला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. घरात पिढ्यान्‌पिढ्या चाक. पहिल्या दिवशी वस्ताद काहीच बोलले नाहीत. त्यांनी मातीचा गोळा चाकावर थापला, काठी खाचेत घालून चाक गरगरा फिरवलं, काठी बाजूला टाकली आणि दोन्ही हात मातीवर ठेवले. गोळा थरथरला, थरथरायचा थांबला आणि मग बघता बघता उभा राहिला. खाली पोट, वर गळा, गळ्यावर काठ. दोऱ्यानं कापून त्यांनी ते मडकं उचललं तेव्हा चाक अजून फिरतच होतं.

"उठलं!" गुरुजी ओरडले. ते स्वतःही उठून उभे राहिले होते. "अरे उठलं! बघितलंत का तुम्ही? उठलं!"

कारंज्याचे दोघे मास्तर हसले. मी नाही हसले. माझ्या अंगावर काटा आला होता. आपण वीस वर्षं माठातलं पाणी प्यालो आणि माठ असा होतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं, या गोष्टीची मला लाज वाटत होती आणि कधी एकदा त्या मातीवर हात ठेवते असं झालं होतं.

हात ठेवला तेव्हा कळलं. फिरती माती हाताला हिसका देते. वरून मऊ दिसते, पण तिच्या अंगात रेड्याचं बळ असतं. "माती आधी मधात आली पायजे," वस्ताद सांगायचे. "मधात नाई आली तर पुढं काईच नाई." चाकाच्या बरोब्बर मध्यावर गोळा स्थिर व्हायला हवा. पहिले दोन आठवडे आम्ही फक्त तेवढंच केलं. माझे दंड रात्री इतके दुखायचे की वेणी घालायला हात वर जायचा नाही. पण सकाळी शाळेत पाढे घेताना माझे तळवे आपोआप एकमेकांसमोर यायचे, गोळा धरल्यासारखे, आणि चार कधी वाजतात असं व्हायचं.

गुरुजींचं तर विचारूच नका. ते साडेतीनलाच येऊन बसायचे. त्यांनी एक वही केली होती. तिच्यात माती किती मुठी, पाणी किती ओंजळी, चाकाचे किती फेरे झाल्यावर गोळा फेकला गेला, हे सगळं निळ्या पेन्सिलनं. शेवटच्या रकान्यात तांबड्या पेन्सिलनं शेरा. शेरा रोज एकच असायचा: 'पुन्हा.' त्यांचा गोळा नुसता पडायचा नाही, उडायचा. एकदा कारंज्याच्या मास्तरांच्या टोपीवर जाऊन बसला. गुरुजी उठले, टोपीवरची माती काळजीपूर्वक काढून घेतली, टोपीकडे पाहिलंही नाही, आणि परत चाकावर थापली. कोट मात्र काढायचे नाहीत. "शिकायला आलोय, न्हाणीघरात नाही," म्हणायचे. काकू तो कोट संध्याकाळी वाळत टाकून काठीनं बडवायच्या.

मी एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, "गुरुजी, मला नाही जमणार हे."

ते इतके आनंदानं माझ्याकडे वळले की मी दचकले. "अगं पोरी, तीच तर गंमत! येतं ते करण्यात काय मजा आहे? मला सत्तावीसचा पाढा येतो. म्हणून कधी नाचावंसं वाटलं का मला? आणि आज गोळा तीन फेरे जागेवर राहिला तर बघ." आणि खरंच, त्यांनी धोतराचा सोगा धरून दोन पावलं नाचून दाखवली.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात ते शाळेतला मोठा लाकडी कंपास घेऊन आले, फळ्यावर वर्तुळ काढायचा. त्यांचं म्हणणं असं की चाकावर एकात एक खडूची वर्तुळं आखली तर मध्य डोळ्यांना दिसेल आणि मग माती तिथं बसवणं हा केवळ हिशेबाचा प्रश्न उरेल. अर्धा तास ते चाकावर ओणवे होऊन आखत होते. चाक ओलं, खडू उमटेना. कंपासाचं टोक घसरे. आम्ही आपापली चाकं थांबवून बघत होतो.

वस्तादांना शेवटी दया आली. "कायले तरास घेता गुरुजी? द्या तो खडू इकडं."

त्यांनी खडू घेतला, तिथंच सारवलेल्या जमिनीवर एक गुडघा टेकला आणि हात फिरवला. एकदाच. हातभर रुंद वर्तुळ. कुठून सुरू झालं आणि कुठं मिळालं ते दिसत नव्हतं.

गुरुजींना ते खरं वाटेना. त्यांनी वर्तुळाचा मध्य शोधला, तिथं कंपासाचं टोक रोवलं आणि दुसरा पाय रेषेवरून फिरवला. कंपास रेषेवरून तसूभर ढळला नाही. पाऊण वर्तुळ झालं आणि गुरुजींचा हात थांबला. ते तसेच वाकून राहिले. मग मान वर करून त्यांनी वस्तादांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू," ते म्हणाले. "तू पाटीवर..."

"हाव गुरुजी," वस्ताद म्हणाले. "थो मीच."

आम्हाला काहीच कळेना. तेव्हा वस्तादांनीच सांगितलं, आमच्याकडे न बघता, माती मळता मळता. चौथीत असताना ते गणिताच्या तासाला पाटीवर गोल काढत बसले होते. गुरुजी आले. एवढा नेमका गोल! गुरुजींनी विचारलं, वाटी ठेवून काढलास की लोटी ठेवून? पोरगं म्हणालं, हातानं काढला. गुरुजी म्हणाले, खोटं बोलू नकोस. पोरगं पुन्हा म्हणालं, हातानं. मग पाच छड्या बसल्या आणि वर्गातून बाहेर. खोटारड्याला माझ्या वर्गात जागा नाही, असं ऐकून ते घरी गेलं आणि परत शाळेत गेलंच नाही.

"बापानं चाकावर बसवलं. बरंच झालं म्हना," वस्ताद म्हणाले. थोडा वेळ मातीवर नुसते तळवे आपटत राहिले. "पन एकदा म्हनले असते ना गुरुजी, का काढून दाखव, तर म्या दाखवलं असतं."

गुरुजी उठले. चपला पायात घातल्या आणि निघून गेले. कंपास तिथंच पडून होता.

तीन दिवस त्यांचं चाक रिकामं. मी एकदा त्यांच्या घरावरून गेले तर काकू दारातच म्हणाल्या, "काय झालंय गं? पोळीला नावं ठेवत नाहीत. जेवतात आणि उठतात." चौथ्या दिवशी आम्ही सगळे जमलो तेव्हा गुरुजी पडवीच्या मध्यभागी उभे होते. बसायला तयार नव्हते.

"मी याला वर्गासमोर मारलं होतं," ते म्हणाले. आवाज वर्गात असायचा तसाच, मोठा. "म्हणून वर्गासमोर सांगतो. तो खरं बोलत होता. मी तपासून पाहिलं नाही. गणिताच्या मास्तरनं तपासून पाहिलं नाही." मग त्यांनी वस्तादांपुढं हात जोडले.

वस्ताद इतके गोरेमोरे झाले की त्यांना कुठं बघावं ते सुचेना. "बसा ना बाप्पा गुरुजी," ते कसंबसं म्हणाले. "माती सुकून राह्यली."

त्या दिवसापासून गुरुजी त्यांना 'वस्ताद' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. त्याआधी 'ए, माती दे' असायचं. वस्तादांनी दोनतीनदा विनवलं, "मले अहोजाहो नोका करू गुरुजी, माती मधात येत नाई मंग." पण गुरुजींनी एकदा ठरवलं की ठरवलं.

आणि त्याच आठवड्यात त्यांची माती मधात आली. वस्ताद त्यांच्या पाठीमागं बसले, स्वतःचे दोन्ही हात गुरुजींच्या हातांवर ठेवले आणि म्हणाले, "डोये मिटा." गुरुजींनी डोळे मिटले. "आता मोजू नोका." गुरुजींचे ओठ हलत होते ते थांबले. चाक फिरत होतं. मी माझं काम सोडून बघत होते. गोळ्याची थरथर कमी कमी होत गेली आणि एका क्षणी गोळा फिरतोय की उभा आहे ते कळेनासं झालं. वस्तादांनी आपले हात हळूच काढून घेतले. गुरुजींना ते कळलंच नाही. त्यांचे अंगठे मातीत उतरले, माती उघडली आणि वाटीएवढा एक काठ वर आला.

"उघडा डोये."

गुरुजींनी डोळे उघडले आणि जी आरोळी ठोकली ती ऐकून रस्त्यावरून जाणारी बैलांची एक बंडी थांबली. बंडीवाला काय झालं म्हणून धावत आत आला. गुरुजींनी त्यालाही ते दाखवलं. ते एका बाजूला कलतं, जाडजूड फुलपात्र होतं. ओलं असतानाच ते तळहातावर घेऊन गुरुजी सगळ्या गावातून चालत घरी गेले. वाण्याला दाखवलं, शिंप्याला दाखवलं, मारुतीला दाखवलं. घरी पोचेपर्यंत उन्हानं आणि हाताच्या उबेनं ते बसलं आणि त्याची थाळी झाली. काकू म्हणाल्या, "हे काय आहे?" गुरुजी म्हणाले, "आता थाळी आहे. पण निघताना फुलपात्र होतं, आणि ते पन्नास माणसांनी पाहिलंय!"

माझाही हात बसला होता. पहिली कुंडी, पहिलं गाडगं, मग एक दिवस चक्क सुरई. तिचा गळा ओढताना मी श्वास घ्यायची विसरले होते. मडकी भाजायचा आवा उघडला त्या सकाळी राखेतून ती लालबुंद, अखंड निघाली आणि मी ती पदरात गुंडाळून मामीपुढं नेऊन ठेवली. मामीनं बोटानं वाजवून पाहिली. संध्याकाळी तिनं पाहुण्यांना पाणी त्या सुरईतूनच दिलं.

चार महिने झाले असतील. एक दिवस केंद्राच्या व्यवस्थापकांनी मला बाजूला बोलावलं. वरून कागद आला होता. यापुढं केंद्रात शिकवणारा माणूस निदान चौथी पास हवा. वस्तादांकडे दाखला नव्हता. "तुमचा हात छान बसलाय," व्यवस्थापक म्हणाले. "शिकलेल्या आहात. उन्हाळ्यानंतर त्या जागी आम्ही तुम्हालाच घेऊ."

खरं सांगते, मला आभाळ ठेंगणं झालं. तळेगावची तात्पुरती नोकरी संपली, वर्ध्याला राहायचं, आणि रोज चाक! केंद्राच्या फाटकात गुरुजी भेटले. मी धावत जाऊन त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं.

"वा!" गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर फुलला. मग त्यांनी विचारलं, "आणि वस्ताद?"

चोरून काही केलं नव्हतं, पण फाटकापर्यंत येताना मला वस्तादांची एकदाही आठवण झाली नव्हती.

गुरुजींनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, तिचं टोक जिभेला लावलं आणि म्हणाले, "चौथीची परीक्षा कधी असते? एप्रिलात. बाहेरून बसता येतं. आठ आठवडे आहेत." बोलता बोलता त्यांना हुरूप चढला. "आठ आठवडे पुष्कळ झाले! गणित मी घेतो. भाषा तू घे."

अशी मी, ज्या माणसाची जागा मला मिळणार होती त्यालाच ती टिकवायला शिकवू लागले. पहिले काही दिवस माझं मन त्यात नव्हतं, हे लपवत नाही. वस्तादांनी एखादी ओळ न अडखळता वाचली की मला आनंद व्हायचा आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, चालली माझी नोकरी. मग एका दुपारी त्यांनी मला पाटी दाखवली. स्वतःच्या बायकोचं नाव लिहिलं होतं, कुणी न सांगता. "बरोबर हाय का बाई?" त्यांनी विचारलं. काना चुकला होता, तो मी दुरुस्त केला. पुसून त्यांनी ते पुन्हा लिहिलं आणि पाटी कुणाचा धक्का लागू नये म्हणून उंच फळीवर ठेवली. त्यानंतर शिकवताना मला ती नोकरी आठवली नाही.

गणिताचा तास बघायला आम्ही सगळे मुद्दाम लवकर यायचो. दुपारी वर्गाआधी केंद्राच्या ओट्यावर गुरुजी वस्तादांना शिकवायचे आणि संध्याकाळी आत चाकावर वस्ताद गुरुजींना. दोघेही भयंकर तापट मास्तर आणि दोघेही अवघड विद्यार्थी. आदर सोडायचा नाही आणि राग आवरायचा नाही, यात गुरुजींची फार ओढाताण व्हायची. "वस्ताद, आपण गाढव आहात!" ते ओरडायचे. "हातचा घ्यायला आपल्याला कुणी मनाई केली आहे का?"

वस्ताद मुकाट ऐकून घ्यायचे. संध्याकाळी मात्र, "गुरुजी, हात कुठी चालले तुमचे? मडकं करून राह्यले का म्हैस धुवून राह्यले?"

"मडकं!" गुरुजी घाम पुसत म्हणायचे.

"मंग मातीले सांगा तसं. थे म्हैसच समजून राह्यली."

परीक्षा गुरुजींच्याच जुन्या शाळेत होती. वस्ताद धुवट धोतर, नवी टोपी घालून आले. दहादहा वर्षांच्या मुलांच्या बाकावर त्यांचे गुडघे मावेनात, म्हणून ते आडवे बसले. शेजारच्या मुलीनं त्यांना विचारलेलं मी दारातून ऐकलं, "काका, तुमी नापास झालते का?"

"नाई वं माय," वस्ताद म्हणाले. "मले याले उशीर झाला."

निकाल आधीच सांगून टाकते. वस्ताद पास झाले आणि केंद्रातली त्यांची जागा कायम झाली. मला माझं प्रमाणपत्र मिळालं आणि पुढच्या वर्षी कारंजा घाडग्याच्या शाळेत मुलांना चाक शिकवायला मी उभी राहिले. वर्ध्याची नोकरी गेली म्हणून कधी हळहळ वाटली का असं मामीनं विचारलं होतं. वाटली. पण मला सांगायचं आहे ते त्या परीक्षेच्या सकाळचं, गणिताचा पेपर सुटल्यानंतरचं.

गुरुजी आणि मी शाळेबाहेर उभे होतो. म्हणजे मी उभी होते. गुरुजी दोनदा खिडकीपाशी गेले होते आणि दोनदा त्यांना तिथून हाकललं होतं, तेही त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मास्तरनं. घंटा झाली. वस्ताद सगळ्यांच्या आधी बाहेर आले, घामानं निथळत.

"प्रश्न सांगा," गुरुजी म्हणाले. "एकेक करून."

वस्तादांना सगळे प्रश्न तोंडपाठ. ते सांगत गेले, उत्तरं सांगत गेले आणि गुरुजी दर उत्तराला मांडीवर थाप मारत गेले. बरोबर, बरोबर, बरोबर! मग शेवटचा प्रश्न आला.

"एका बंडीत आठ पोते कापूस मावते. पन्नास पोते बाजारात न्यायले किती बंड्या लागन?"

"भागाकार!" गुरुजी म्हणाले. "सहा, बाकी दोन."

"म्या सात लिहलं."

गुरुजींचा चेहरा पडला. "सात? अहो वस्ताद, आठ सक अठ्ठेचाळीस! शंभरदा घोटून घेतलं तुमच्याकडून. सहा भागाकार, दोन बाकी. बाकी खाली लिहायची आणि पुढं जायचं."

"हाव. थे केलं म्या. सहाच आले." वस्ताद टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पन गुरुजी, थ्या दोन पोत्याचं काय? थे काय वावरातच पडू द्याचे?"

गुरुजी बोटांवर पुन्हा मोजू लागले.

"त्याईले न्यायले बंडी नको का?" वस्ताद म्हणाले. "इचारलं तं हे हाय का बंड्या किती लागन. सहा बंड्यात थे दोन पोते बसत नाई. सातवी लागतेच ना."

मला ते पटायला दोन क्षण लागले. गुरुजींना जास्त लागले. ते रस्त्याच्या कडेला खाली बसले, कोटासकट, आणि मोजून पन्नास बारीक खडे गोळा करून आठाआठाचे ढीग घालू लागले. एक बंडी, दुसरी बंडी. सहा ढीग झाले. हातात दोन खडे उरले. त्यांनी ते तळहातावर धरून पाहिले.

"सात," ते हळूच म्हणाले. मग ताडकन उठले. "सात! अहो, सातच! पस्तीस वर्षं मी पोरांना सहा शिकवत आलो. पस्तीस वर्षं माझी दोन पोती वावरात पडली आहेत!" त्यांनी वस्तादांचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. "मी चुकलो! वस्ताद, मी चुकलो!" आणि ते हसत सुटले. इतका आनंद त्यांना त्या पहिल्या फुलपात्राच्या वेळीही झाला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते.

तेवढ्यात शाळेतून मुलांचा लोंढा बाहेर आला. गुरुजी वळले आणि फाटकात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांबा! किती बंड्या लिहिल्या?"

"सहा, बाकी दोन," पहिला मुलगा म्हणाला.

"चूक. पण तुझी नाही, माझी," गुरुजी म्हणाले. "तुझ्या मास्तरांना मीच शिकवलं होतं. सात लागतात. का ते ऐकून जा."

त्यांनी त्याला खाली बसवलं आणि खडे दाखवले. मग दुसऱ्याला. मग तिसरीला. उन्हं डोक्यावर आली तरी एकही मूल त्यांनी तसंच जाऊ दिलं नाही. वस्ताद आणि मी शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून होतो. सगळ्यात शेवटी ती वस्तादांच्या शेजारी बसलेली मुलगी आली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, दोन खडे उचलून पाहिले आणि विचारलं, "मंग गुरुजी, आता तुमाले कोन मारन?"

गुरुजींनी वस्तादांकडे बोट दाखवलं. वस्ताद उठले, सावकाश चालत आले, आणि गुरुजींच्या कोटाला लागलेली धूळ झटकू लागले.